एकाच रेंडरमधून तीन आउटपुट: टचडिझायनरमध्ये बफर आधी आखा, मग नोड ओढा

चतुर्थी जवळ आली की गोव्यात आता बऱ्याच मंडळांना गणपतीच्या मागे पडदा हवा असतो, प्रोजेक्टरचा नाहीतर एलईडी वॉल, आणि त्यावर घुमट (मातीचं तालवाद्य) आरतीच्या ठेक्यावर चालणारं काहीतरी. टचडिझायनर या नोड जोडून व्हिज्युअल बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मुलामुलींच्या फायली उघडल्या की एक गोष्ट सारखी दिसते, रंगासाठी एक रेंडर टॉप (टॉप म्हणजे चित्राचा नोड, हा थ्रीडी सीनचं चित्र काढतो), ग्लोसाठी दुसरा, मास्कसाठी तिसरा, तिन्हीकडे तोच सीन आणि तोच कॅमेरा, नुसतं मटेरियल बदललेलं. दिसायला सगळं बरोबर दिसतं, पण ग्राफिक्स कार्ड तोच सीन तीनदा काढतं, आणि पुढे कोणी म्हणालं की जरा कॅमेरा पुढे घ्या की तीन ठिकाणी निस्तरत बसायचं. हे सगळं एका रेंडरमध्ये होतं. एकदाच काढायचं आणि त्यातनं रंग, नॉर्मल, डेप्थ, ओळख असं सगळं वेगवेगळ्या बफरमध्ये, म्हणजे चित्राएवढ्याच साठवणीच्या जागांमध्ये, एकाच वेळी बाहेर घ्यायचं. ते कसं करायचं ते इथे नीट सांगतो, कारण नुसता बफरचा आकडा वाढवला म्हणून काम होत नाही, कुठल्या बफरच्या कुठल्या चॅनलमध्ये काय जाणार हे आधी ठरवलेलं नसलं तर पुढे सगळा गुंता होतो.

उदाहरण म्हणून माटोळी घेऊ. गणपतीच्या डोक्यावर बांधलेली लाकडी चौकट, तिला टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, आंबाडे, केळ्यांचे घड, खाली दोन बाजूला समया. हा थ्रीडी सीन, आणि त्यातनं तीन गोष्टी पाहिजेत. एक, साधं रंगीत चित्र. दोन, आरती सुरू झाली की तेच चित्र काव कलेसारखं रेषांमध्ये जावं, म्हणजे आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल-तपकिरी कावेचा थर देऊन तो खरवडून चित्र काढतात, तसं. तीन, घुमटाच्या थापेवर एकेक फळ उजळावं आणि समईच्या ज्योतीला ग्लो यावा.

आता कागद घ्या, खरंच घ्या, आणि उलट्या बाजूने लिहायला लागा. शेवटच्या इफेक्टला काय लागतं? रेषा काढायला पृष्ठभाग कुठल्या दिशेला वळलाय ते कळायला हवं, म्हणजे नॉर्मल, आणि कोण पुढे कोण मागे ते कळायला हवं, म्हणजे डेप्थ. ही कल्पना जुनी आहे, साइतो आणि ताकाहाशी या दोघा जपानी संशोधकांनी १९९० साली दाखवलं होतं की पिक्सेलागणिक डेप्थ, नॉर्मल असली माहिती साठवून ठेवली की बाह्यरेषा, हॅचिंग (रेघांनी छटा देणं) हे सगळं नंतर टूडी प्रोसेसिंगने काढता येतं, सीन परत काढावा लागत नाही. एकेक फळ उजळवायला प्रत्येक फळाचा नंबर हवा. ग्लोला ज्योत कुठे आहे त्याचा मास्क हवा. झालं, एवढंच पाहिजे. म्हणजे माझी वाटणी अशी: शून्य नंबरच्या बफरमध्ये रंग आणि अल्फा (पारदर्शकतेचा चौथा चॅनल). एक नंबरमध्ये लाल-हिरवा-निळा या तीन चॅनलमध्ये नॉर्मल आणि अल्फात डेप्थ. दोन नंबरमध्ये लाल चॅनलला फळाचा नंबर, हिरव्याला ज्योतीची तीव्रता, निळ्याला रेषेची जाडी (सुपारीला बारीक, नारळाला जाड) आणि अल्फाला सरळ १, म्हणजे इथे काहीतरी वस्तू आहे एवढंच सांगायला. तीन बफर, बारा चॅनल, एकही वाया नाही. डेस्कटॉपच्या कार्डावर आठ बफरपर्यंत सहज जाता येतं, पण जाता येतं म्हणून जाऊ नका, का ते मेमरीच्या हिशोबात येईलच.

रेंडर टॉपमध्ये कलर बफरची संख्या ठरवणारा पॅरामीटर आहे, तिथे ३ टाका. लगेच काही बदललेलं दिसणार नाही, कारण रेंडर टॉप स्वतः फक्त पहिला बफर दाखवतो. बाकीचे बघायला रेंडर सिलेक्ट टॉप लागतो, त्याला रेंडर टॉपचं नाव द्यायचं आणि कलर बफर इंडेक्स १ किंवा २ करायचा. आत्ता तिथे काळंच दिसेल, कारण टचडिझायनरची तयार मटेरियल्स, फॉन्ग, पीबीआर वगैरे, जास्तीच्या बफरमध्ये शून्य लिहितात. त्यात काही पाहिजे असेल तर जीएलएसएल मॅटच लागतो (मॅट म्हणजे मटेरियलचा नोड, यात शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम, आपण लिहायचा).

जीएलएसएल म्हटल्यावर घाबरायची गरज नाही, शेडर पहिल्या ओळीपासून कोणी लिहायला सांगत नाहीये. आधी फॉन्ग मॅटवर तुमचं मटेरियल मनासारखं जमवा, टेक्स्चर, चमक, सगळं. मग त्याच मॅटच्या पॅरामीटरमधलं आउटपुट शेडरचं बटण दाबा, ते तुम्हाला तोच फॉन्ग जीएलएसएल मॅट म्हणून काढून देतं, व्हर्टेक्स (मॉडेलच्या कोपऱ्यांचा) आणि पिक्सेल शेडर वेगवेगळ्या डॅटमध्ये, म्हणजे मजकुराच्या नोडमध्ये. पिक्सेल शेडरच्या अगदी तळाशी जा. तिथे आधी तयार झालेला रंग आउटपुट अ‍ॅरेच्या शून्याव्या घरात जातो, आणि त्याच्याखाली एक छोटा लूप असतो जो १ पासून पुढच्या सगळ्या घरांत शून्य भरतो. तो लूप म्हणजेच तुमची जागा. त्याच्या खाली, लूप झाल्यावर, दोन ओळी लिहायच्या: पहिल्या घरात नॉर्मल आणि डेप्थ, दुसऱ्या घरात नंबर, ज्योत, जाडी आणि १. लूप पुसू नका, उद्या कोणी बफर चार केले तर चौथ्यात कचरा जाऊ नये म्हणून तो तिथे असलेला बरा. मात्र कधी हीच मटेरियल एक बफरवाल्या रेंडर टॉपला लावली तर त्या दोन ओळी नसलेल्या घरात लिहायला जातील आणि शेडर कंपाइल होणार नाही, म्हणून बफरची संख्या तपासणारी अट त्यांच्याभोवती घालून ठेवा, ती संख्या टचडिझायनर शेडरला आपणहून देतो.

नॉर्मल लिहिताना तो पिक्सेल शेडरमध्ये परत नॉर्मलाइझ करा, कारण तीन कोपऱ्यांमधून इंटरपोलेट होऊन येताना त्याची लांबी १ च्या खाली घसरते आणि नारळासारख्या गोल वस्तूवर रेषा मधेच फुटते. वर्ल्ड स्पेस नॉर्मल त्या तयार शेडरमध्ये हाताशीच असतो. डेप्थसाठी वर्ल्ड स्पेस पोझिशनला कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्सने गुणा आणि मिळालेल्या झेडचं चिन्ह उलटं करा, कारण कॅमेरा उणे झेडकडे बघतो. हा आकडा तुमच्या सीनच्याच युनिटमध्ये येतो, मीटरमध्ये मॉडेल केलं असेल तर मीटर, म्हणून पुढे थ्रेशोल्ड लावताना विचार करणं सोपं जातं. हार्डवेअरच्या डेप्थ बफरमधला आकडा सरळ रेषेत वाढत नाही, कॅमेऱ्याजवळ दाट आणि लांब गेल्यावर विरळ, तो घेऊन एज काढायला गेलं की जवळच्या फळांना रेषा आणि मागच्या चौकटीला काहीच नाही असं होतं.

आता फळांचे नंबर. प्रत्येक प्रकारच्या फळाला एक जिओमेट्री कॉम्प (सीनमधली वस्तू धरणारा नोड) आणि त्यावर इन्स्टन्सिंग, म्हणजे एकाच नारळाच्या मॉडेलच्या चाळीस प्रती. व्हर्टेक्स शेडरमध्ये इन्स्टन्सचा नंबर मिळतो, त्यात त्या प्रकाराचा पाया मिळवायचा. नारळ १ पासून, सुपारी १०१ पासून, तोरंजन २०१, आंबाडे ३०१, केळी ४०१, समया ५०१. शून्य हा आकडा रिकाम्या जागेसाठी राखून ठेवा, कुठल्याच वस्तूला देऊ नका. पाया मटेरियलला युनिफॉर्म (शेडरला बाहेरून दिलेला आकडा) म्हणून दिला की झालं. नंबर व्हर्टेक्सकडून पिक्सेलकडे नेताना व्हेरिएबलला फ्लॅट (म्हणजे मधल्या किमती काढू नका) लिहायला विसरू नका, इंटिजर असेल तर ते सक्तीचंच आहे.

फॉरमॅटकडे या. रेंडर टॉपच्या कॉमन पेजवर जो पिक्सेल फॉरमॅट निवडाल तो सगळ्या बफरना लागतो, म्हणजे रंगाला ८ बिट आणि नॉर्मलला फ्लोट अशी चैन नाही, ज्या बफरची गरज सगळ्यात जास्त त्याच्या हिशोबाने सगळ्यांचा फॉरमॅट. ८ बिट इथे बाद, कारण त्यात उणे आकडे बसत नाहीत आणि नंबर २५५ च्या पुढे जात नाही. राहिले १६ बिट फ्लोट आणि ३२ बिट फ्लोट. १६ बिट फ्लोटमध्ये पूर्णांक २०४८ पर्यंत अचूक राहतात, आपले नंबर सहाशेच्या आत, म्हणजे चालेल. नॉर्मलला तो भरपूर आहे. डेप्थचं बघा, ८ ते १६ या पट्ट्यात १६ बिट फ्लोटची पायरी १/१२८ असते, म्हणजे मीटरचा हिशोब धरला तर एक सेंटिमीटरहून थोडी कमी, माटोळीसाठी ठीक आहे. पण सीन दोनशे मीटर खोल असेल, देऊळ, तळी, मागचा डोंगर असं सगळं, तर तिथे पायरी १२ सेंटिमीटरच्या वर जाते आणि लांबच्या भिंतींवर पट्टे दिसायला लागतात, मग ३२ बिट घ्या.

मेमरीचा हिशोब एकदा हाताने करून बघा म्हणजे आठ बफरचा मोह जातो. १९२० बाय १०८० चं एक चित्र, चार चॅनल, १६ बिट, म्हणजे जवळपास १६.६ एमबी. तीन बफरचे ५० एमबी. ३२ बिटला दुप्पट, १०० एमबी. त्यावर चारपट अँटिअलायसिंग (कडा मऊ करणं) लावलं की रेंडरच्या वेळी त्याच्या चौपट. नुसती साठवायची जागा असती तर एवढं काही नव्हतं, पण ६० फ्रेमला हे सगळं दर सेकंदाला लिहावं लागतं, १६ बिटच्या तीन बफरना सेकंदाला ३ जीबीच्या आसपास, तेही एका पिक्सेलवर एकदाच लिहिलं जातंय असं धरून. मांडवात बहुतेक वेळा लॅपटॉपच असतो, आणि तोही भर गर्दीत, पंखा कोंडलेला, तेव्हा हा आकडा जाणवतो.

अँटिअलायसिंगबद्दल वेगळं सांगायलाच हवं, मला वाटतं अर्ध्या लोकांचं काम इथेच बिघडतं आणि कारण सापडत नाही. रंगाच्या कडेला सरासरी काढली तर कडा मऊ होते, छानच. पण नंबरची सरासरी काढली तर? ५ नंबरचा नारळ आणि ३०५ नंबरचा आंबाडा, त्यांच्या सीमेवर १५५ हा नंबर तयार होतो, जो कुठल्यातरी तिसऱ्याच सुपारीचा आहे, आणि मग ती सुपारी उजळली की या दोघांच्या मधे एक विचित्र चमकती रेघ दिसते. रेंडर एकच असल्यामुळे रंगाला अँटिअलायसिंग चालू आणि नंबरला बंद असं करता येत नाही. म्हणून ते रेंडर टॉपमध्ये पूर्ण बंद करा आणि कडा मऊ करायचं काम सगळ्यात शेवटी, सगळं एकत्र झाल्यावर, अँटि अलायस टॉपकडे द्या. तसंच पुढे जिथे जिथे नंबरचा बफर वापरणार त्या टॉपचं इनपुट स्मूदनेस निअरेस्ट पिक्सेल ठेवा, इंटरपोलेट पिक्सेल्स राहिलं तर तीच सरासरीची भानगड मागच्या दाराने परत येते. डिथरिंगचं (रंगाचे पट्टे लपवायला बारीक दाणे मिसळायचं) फंक्शन तयार शेडरमध्ये रंगाला लागलेलं असतं, ते तिथेच राहू दे, डेटाच्या बफरला लावू नका.

ब्लेंडिंगही, म्हणजे पारदर्शक वस्तू मागच्या रंगात मिसळणंही, तसंच. जास्तीच्या बफरना ब्लेंडिंग लावायचं की नाही याचा वेगळा टॉगल रेंडर टॉपवर आहे, तो बंदच ठेवा. आपण अल्फात डेप्थ ठेवलीय, तिथे ७.५ असा आकडा आहे, ब्लेंडिंग चालू झालं तर तो आकडा पारदर्शकता समजून सगळा गुणाकार होईल. पण ब्लेंडिंग बंद म्हणजे दुसरी अडचण, धूपाचा धूर. धुराचा कण जेमतेम दिसणारा असला तरी जास्तीच्या बफरमध्ये तो मागच्या नारळाचा नंबर पुसून स्वतःचा लिहितो. म्हणून धूर या रेंडरमध्ये घेऊच नका. त्याला वेगळा रेंडर टॉप द्या, आपल्या डेप्थचा बफर त्याच्या शेडरला टेक्स्चर म्हणून द्या, आणि धुराचा कण त्या डेप्थच्या मागे असेल तर डिस्कार्ड करा, म्हणजे काढूच नका. हा एक जास्तीचा रेंडर परवडतो, त्यात माटोळी नाही, नुसते कण आहेत. केळीची पानं, आंब्याचे टाळे असल्या कापलेल्या कडांच्या टेक्स्चरना मात्र ब्लेंडिंगची गरज नाही, अल्फा टेस्ट लावा, पिक्सेल एकतर पूर्ण आहे नाहीतर नाही.

इथवर आलात की तीन रेंडर सिलेक्ट, प्रत्येकाच्या पुढे एक नल टॉप (चित्र न बदलता पुढे देणारा), आणि नलला नीट नाव. पुढचं सगळं नेटवर्क त्या नलवरूनच ओढा, म्हणजे उद्या बफरचा क्रम बदलला तर एकाच जागी बदल. आणि पुढे जायच्या आधी आकडे तपासा. नॉर्मलमधले उणे आकडे व्ह्यूअरमध्ये काळे दिसतात, डेप्थ एकदम पांढरीफटक दिसते, त्यावरून काही ठरवू नका. व्ह्यूअरवर राइट क्लिक करून पिक्सेल व्हॅल्यू दाखवायचा ऑप्शन चालू करा, झूम करा, आणि एका नारळावर जाऊन बघा, नंबर पूर्णांक आहे का, अल्फा १ आहे का, डेप्थ तुमच्या अंदाजाएवढी आहे का. पाच मिनिटं लागतात, पण पुढचा सगळा डोलारा याच्यावरच उभा राहणार आहे.

आता रेषा. जीएलएसएल टॉपमध्ये नॉर्मल-डेप्थचा बफर आणि नंबरचा बफर दोन इनपुट म्हणून द्या. प्रत्येक पिक्सेलचे चार शेजारी बघा. शेजाऱ्याचा नंबर वेगळा असेल तर रेषा. दोन नॉर्मलचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात तो आकडा) ०.८ च्या खाली गेला तर रेषा. डेप्थमधला फरक, डेप्थने भागून, ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर रेषा. भागाकार गाळू नका, नाहीतर एकच थ्रेशोल्ड जवळ आणि लांब दोन्हीकडे लागू पडत नाही. यातली नंबरवाली रेषा सगळ्यात स्वच्छ येते, सुपारीच्या घोसात सगळ्या सुपाऱ्या एकमेकींना चिकटलेल्या, डेप्थचा फरक नगण्य, नॉर्मल कुठे जुळतात कुठे नाही, तिथे नंबरशिवाय एकेक सुपारी सुटी दिसणारच नाही. नॉर्मलवाली रेषा एकाच वस्तूच्या आतल्या घड्या दाखवते, समईच्या कंगोऱ्यांना ती हवी. डेप्थवाली रेषा मला इथे फार लागत नाही, पण जमिनीसारख्या तिरक्या पृष्ठभागावर ती खोट्या रेषा काढते तेव्हा कॅमेऱ्याकडे जवळजवळ आडव्या असलेल्या नॉर्मलना मर्यादा सैल करा. किती पिक्सेल लांबचा शेजारी बघायचा हे निळ्या चॅनलमधल्या जाडीवरून घ्या. मग रेषेला पांढरा आणि बाकीला कावेचा रंग, किंवा उलट, काव कलेत दोन्ही दिसतं.

घुमटाचं काम या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारं. माइकचा आवाज ऑडिओ डिव्हाइस इन चॉपमधून (चॉप म्हणजे आकड्यांचा नोड) घ्या, घुमटाची थाप खालच्या पट्टीत वेगळी काढा, आणि प्रत्येक फळाला किती उजळायचं याचा एक आकडा, असे ६०० आकडे एका चॉपमध्ये तयार करा. चॉप टू टॉपने त्याची एका ओळीची इमेज होते, रुंदी ६००. शेवटच्या जीएलएसएल टॉपमध्ये पिक्सेलचा नंबर वाचा, त्यात ०.५ मिळवून इंटिजर करा, आणि त्या नंबरचा पिक्सेल टेक्सेल फेचने (फिल्टर न करता नेमका पिक्सेल वाचणारं फंक्शन) त्या ओळीतून उचला. रंगाला त्याने गुणा. बस. कुठल्या थापेवर कुठलं फळ हे सगळं आता चॉपमध्ये ठरतं, मटेरियलला हात लावायचा नाही. आणि याचा मोठा फायदा बघा, टचडिझायनरमध्ये एखादा ऑपरेटर त्याच्या आधीचं काही बदललं तरच परत कुक होतो, म्हणजे नव्याने हिशोब करतो. माटोळी स्थिर आहे, कॅमेरा स्थिर आहे, तर रेंडर टॉप एकदा कुक होऊन गप्प बसतो, सगळ्या फळांचं ओझं गेलं, दर फ्रेमला चालतो तो फक्त टूडीचा जीएलएसएल टॉप. फळं वाऱ्यावर डुलवायची असतील तर मात्र ते परत दर फ्रेमला काढावं लागणार, तेव्हा डुलणं खरंच हवं का हे मंडळाला विचारून ठरवा. ग्लोसाठी ज्योतीचा चॅनल रंगाने गुणा, अर्ध्या रिझोल्यूशनला ब्लर करा आणि वर अ‍ॅड करा, त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

दोन पडदे असतील तर रेंडर टॉपच्या कॅमेरा पॅरामीटरमध्ये दोन्ही कॅमेरे द्या आणि रेंडर सिलेक्टमध्ये कॅमेरा इंडेक्स बदला, प्रत्येक कॅमेऱ्याला तिन्ही बफर मिळतात. पण रिझोल्यूशन दोघांना एकच राहतं. मागे रुंद एलईडी वॉल आणि बाजूला उभी अरुंद पट्टी असा प्रकार असेल तर दोन वेगळे रेंडर टॉप घेतलेले परवडतात. बाहेर पाठवताना प्रत्येक पडद्याला वेगळी विंडो उघडण्यापेक्षा सगळे डिस्प्ले ओएसमध्ये शेजारी शेजारी लावा, दोन्ही चित्रं एका मोठ्या टॉपमध्ये मांडा आणि एकच विंडो कॉम्प सगळ्यांवर पसरवा, परफॉर्मन्स चांगला राहतो. नॉन-कमर्शियल लायसन्सवर रिझोल्यूशन १२८० बाय १२८० ला अडतं आणि पैसे घेऊन केलेल्या कामाला ते चालतही नाही, त्यामुळे शिकताना १२८० बाय ७२० वर सगळं बसवा आणि मंडळाकडून ऑर्डर आली की लायसन्सचा खर्च कोटेशनमध्येच धरा.

शेवटची तपासणी मांडवातल्याच प्रोजेक्टरवर, संध्याकाळी, सजावटीचे लाइट लावून करा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठसठशीत दिसणारी एक पिक्सेलची रेषा तिथे गायब होते, तेव्हा जाडीच्या चॅनलला गुणायला एक स्लायडर आधीच काढून ठेवा आणि तो पहिल्या रांगेच्या मागे, लोक जिथे बसणार तिथे उभं राहून ठरवा.